स्क्रीन बदलली, पण खर्च कोणी भरला? स्मार्टफोनच्या पडद्याचा इतिहास, ॲप डेव्हलपरच्या बाजूने



तंत्रज्ञानाच्या इतिहासावर पीएचडी करायची असं ठरवलं की पहिला आराखडा बहुतेकदा एकाच साच्यात उतरतो. अमुक साली हा फोन आला, तमुक साली तो आला, स्क्रीन मोठी होत गेली, चित्र स्वच्छ दिसू लागलं. माहिती सगळी बरोबर असते. पण ही झाली यादी. गाईड ती वाचून विचारतात, "मग तुमचा प्रश्न काय आहे?" आणि तिथे गाडी अडते.

म्हणून आज एकच छोटा विषय घेऊन यादीचा इतिहास कसा होतो ते बघूया. विषय आहे स्मार्टफोनची स्क्रीन. आपला प्रश्न असा: स्क्रीनचा आकार किंवा रिझोल्यूशन बदललं की आधीपासून चालत असलेल्या ॲपचं काय होतं, आणि ते नीट करण्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो? फोन बनवणाऱ्या कंपनीच्या, ऑपरेटिंग सिस्टिमच्या, ॲप लिहिणाऱ्या डेव्हलपरच्या, की फोन वापरणाऱ्या माणसाच्या?

प्रश्न असा मांडला की तीच जुनी सालं वेगळी दिसायला लागतात.

आधी शब्द नीट करून घेऊ

बोलताना आपण "मोठी स्क्रीन" आणि "चांगली स्क्रीन" सरमिसळ करून वापरतो. संशोधनात ते चालत नाही. इथे चार वेगळ्या गोष्टी आहेत. आकार म्हणजे पडद्याचा कर्ण, इंचांत. रिझोल्यूशन म्हणजे आडवे किती पिक्सेल आणि उभे किती. घनता म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसतात. आणि प्रमाण म्हणजे लांबी-रुंदीचं नातं.

यातली घनता तुम्ही स्वतः काढू शकता. पायथागोरसचं प्रमेय पुरतं. २००७ च्या पहिल्या आयफोनचा पडदा ३२० × ४८० पिक्सेलचा आणि ३.५ इंची होता. दोन्ही संख्यांचे वर्ग करून मिळवा, वर्गमूळ काढा, साधारण ५७७ येतं. त्याला ३.५ ने भागलं की १६५. ॲपलने अधिकृत आकडा १६३ दिला होता. फरक का? कारण "३.५ इंच" हा आकडाच गोळाबेरीज केलेला आहे. आकडे असे हाताने तपासायची सवय आत्तापासून लावा, पुढे फार उपयोगी पडते.

हे चार शब्द वेगळे ठेवायचं कारण असं की प्रत्येकातला बदल डेव्हलपरला वेगळ्या ठिकाणी चिमटा काढतो. फक्त घनता वाढली तर चित्रं नव्याने काढावी लागतात. प्रमाण बदललं तर मांडणी बदलावी लागते. आणि ॲप चालू असतानाच आकार बदलायला लागला तर ॲपची मूळ रचनाच तपासावी लागते.

२००७ च्या आधी: एक गेम, अनेक फाइली

पुष्कळ लेख आयफोनपासून सुरू होतात. तिथून सुरुवात केली तर असं वाटतं की आधी सगळं सोपं होतं आणि अँड्रॉइड आल्यावर गोंधळ झाला. प्रत्यक्षात गोंधळ जुना आहे.

२००० नंतरच्या काही वर्षांत साध्या फोनवरचे गेम जावाच्या मोबाइल आवृत्तीत, म्हणजे जे-टू-एमईमध्ये लिहिले जायचे. त्यातल्या एमआयडीपी या मानकात पडद्याची किमान अट होती ९६ × ५४ पिक्सेल. त्याच्या वर कोणी काहीही बनवावं. मग नोकिया ३४१० चा पडदा ९६ × ६५, नोकिया ६२३० चा १२८ × १२८, ७६५० चा १७६ × २०८. नोकिया ६२३० नंतर वर्षभरात ६२३०आय आला. नावात एक अक्षर वाढलं, पण पडदा झाला २०८ × २०८. गुणाकार करून बघा: १६,३८४ पिक्सेलवरून ४३,२६४. अडीच पटींहून जास्त.

यावर उपाय म्हणजे प्रोग्रॅमने फोनला पडद्याची लांबी-रुंदी विचारायची आणि त्यानुसार काढायचं. तशी सोय होतीही. पण गेममधली चित्रं पिक्सेल-पिक्सेल मोजून केलेली असायची. ती ताणली की फाटायची. बरं, सगळ्या मापांची चित्रं एकाच फाइलीत भरावीत, तर सुरुवातीच्या नोकिया सिरीज ४० फोनमध्ये एका ॲपला साधारण ६४ केबीचीच जागा मिळायची. त्यामुळे एका गेमच्या वेगवेगळ्या फोनसाठी वेगवेगळ्या फाइली बनायच्या. या कामाला पोर्टिंग म्हणायचे आणि गेम कंपन्यांमध्ये त्यासाठी वेगळी माणसं असायची.

म्हणजे त्या काळात खर्च कोण भरत होतं? जवळजवळ पूर्णपणे डेव्हलपर. कारण त्याच्या आणि फोनच्या मध्ये तो भार उचलणारं कोणीच नव्हतं.

एकच पडदा, म्हणून एकच गृहीतक

या पार्श्वभूमीवर जुलै २००८ मध्ये उघडलेलं ॲप स्टोअर बघा. आयफोन एकच, पडदा एकच, ३२० × ४८०. पोर्टिंगमध्ये दमलेल्या डेव्हलपरला हे सुख वाटलं असणार यात नवल नाही. बटण डावीकडून २० वर, वरून ४०० वर, असं आकड्यात लिहिलं तरी काम भागत होतं. दोन वर्षं हे गृहीतक कोणी मोडलं नाही, आणि तोपर्यंत ते हजारो ॲप्सच्या कोडमध्ये जाऊन बसलं.

अँड्रॉइडचीही सुरुवात तशीच. ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीला आलेला पहिला फोन, टी-मोबाइल जी-वन, ३२० × ४८० चाच होता. पण अँड्रॉइड अनेक कंपन्यांसाठी होतं, त्यामुळे ही एकी टिकणार नव्हती. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १.६ ने वेगवेगळ्या आकारांना आणि घनतांना आधार दिला. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे डीपी, घनतेवर अवलंबून नसलेलं एकक.

सूत्र सोपं आहे: पिक्सेल = डीपी × (घनता ÷ १६०). डेव्हलपरने बटणाची उंची ४८ डीपी लिहायची. १६० घनतेच्या फोनवर ते ४८ पिक्सेलचं दिसेल, २४० वर ७२, ३२० वर ९६, ४८० वर १४४. बोटाला ते साधारण तेवढंच मोठं लागेल.

"साधारण" हा शब्द मुद्दाम वापरलाय. फोनची खरी घनता काहीही असली तरी सिस्टिम त्याला १२०, १६०, २४० अशा ठरावीक कप्प्यांत टाकत होती. जी-वनची घनता वरच्याच पद्धतीने काढा: ५७७ भागिले ३.२, म्हणजे १८०. पण तो बसतो १६० च्या कप्प्यात. त्यामुळे सूत्राप्रमाणे ४८ डीपी म्हणजे ७.६ मिलिमीटर व्हायला हवेत, ते जी-वनवर ६.८ च भरतात. कागदपत्रात लिहिलेलं एकक आणि हातातलं यंत्र यांच्यातली ही फट इतिहासकाराच्या कामाची असते. अधिकृत दस्तऐवज व्यवस्था कशी असावी ते सांगतो. ती प्रत्यक्षात कशी होती ते आपल्याला मोजावं लागतं.

२०१०: चौपट पिक्सेल, तरी मांडणी तीच

जून २०१० मध्ये ॲपलने आयफोन ४ दाखवला. पडद्याचा आकार तोच, ३.५ इंच. पिक्सेल मात्र ६४० × ९६०, म्हणजे आडवे दुप्पट, उभे दुप्पट, एकूण चौपट. इथे ॲपलने पॉइंट आणि पिक्सेल वेगळे केले. पडदा अजूनही ३२० × ४८० पॉइंटचाच, फक्त एका पॉइंटच्या जागी २ × २ पिक्सेल. जुन्या ॲपमधलं "डावीकडून २०" तसंच चाललं. अक्षरं आणि सिस्टिमची तयार बटणं आपोआप रेखीव झाली. डेव्हलपरला फक्त चित्रांच्या दुप्पट मापाच्या प्रती द्यायच्या होत्या.

दुप्पट हा पूर्णांक आहे, यात सगळी गंमत आहे. अँड्रॉइडच्या २४० च्या कप्प्यात गुणक १.५ येतो. १ डीपी जाडीची रेघ तिथे दीड पिक्सेलची होते, आणि अर्धा पिक्सेल नावाची वस्तू नसते. मग ती रेघ एक तरी होते, दोन तरी, नाहीतर पुसट दिसते. २ च्या गुणकात हा प्रश्नच येत नाही.

मग खर्च शून्य झाला का? नाही, तो सरकला. पूर्ण पडद्याचं एक चित्र मेमरीत उघडलं की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. ३२० × ४८० ला साधारण ६०० केबी लागायचे, ६४० × ९६० ला २.४ एमबी लागू लागले. मार्च २०१२ च्या आयपॅडचा पडदा २०४८ × १५३६ होता, तिथे हेच गणित १२ एमबीवर जातं. शिवाय एकाच ॲपमध्ये प्रत्येक मापाची चित्रं भरल्यामुळे फाइल फुगली, आणि ती डाउनलोड करणारा माणूस स्वतःच्या फोनला कधीच न लागणाऱ्या चित्रांसाठीही डेटा आणि जागा खर्च करू लागला. ज्या फोनला जे लागतं तेवढंच पाठवायची सोय ॲपलने २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर आणि गूगलने २०१८ मध्ये ॲप बंडलच्या रूपात आणली. मधल्या वर्षांत हा भार वापरणाऱ्याने उचलला. उपकरणांच्या यादीत ही गोष्ट कुठेच दिसत नाही.

२०१२: ८८ पॉइंटची उंची

सप्टेंबर २०१२ चा आयफोन ५ माझ्या मते या कथेतला सगळ्यात शिकवणारा टप्पा आहे, कारण बदल दिसायला अगदी छोटा आहे. घनता तीच, रुंदी तीच. फक्त उंची ४८० पॉइंटवरून ५६८ झाली. वाढ ८८ पॉइंटची.

आता हीच वाढ वेगवेगळ्या ॲप्सवर लावून बघा. सिस्टिमची तयार यादी वापरणारं ॲप असेल, समजा ईमेलचं, तर यादीतल्या एका ओळीची ठरलेली उंची ४४ पॉइंट. म्हणजे दोन ओळी जास्त दिसल्या, विषय संपला. पण ३:२ च्या चौकटीसाठी बेतलेला गेम असेल तर? नव्या जागेत काय दाखवायचं? पार्श्वभूमी नव्याने काढायची, शत्रू कुठून येतो ते बदलायचं, बटणं कुठे ठेवायची ते ठरवायचं. तेच ८८ पॉइंट एकाला फुकट पडले, दुसऱ्याला महाग.

जुन्या ॲप्ससाठी सिस्टिमने सोय केली होती. ती वर ४४ आणि खाली ४४ पॉइंटची काळी पट्टी ठेवून चालायची. ॲप नव्या पडद्यासाठी तयार आहे हे सिस्टिमने ओळखायचं कसं? ॲपमध्ये ५६८ उंचीचं, ठरलेल्या नावाचं सुरुवातीचं चित्र आहे का, यावरून. त्याच वर्षी आयओएस ६ मध्ये ऑटो लेआउट आलं: आकडे लिहू नका, नाती लिहा. "हे बटण त्या चौकटीच्या खालच्या कडेपासून इतकं दूर" असं. आणि मग ॲपलने मुदत घातली. १ मे २०१३ पासून नवी ॲप्स आणि जुन्या ॲप्सची अपडेट्स रेटिना आणि ४ इंची पडद्यासाठी तयार असलीच पाहिजेत.

हा क्रम लक्षात ठेवा. आधी सिस्टिम जुन्या ॲपला सांभाळून घेते, मग नवं साधन देते, मग मुदत घालते. साधारण आठ महिने सिस्टिमने उचललेला भार त्या तारखेला डेव्हलपरकडे परत आला. मोठ्या कंपनीला ते एक काम होतं. एकट्याने ॲप चालवणाऱ्याला मात्र ठरवावं लागलं, की एक छोटी चूक दुरुस्त करून अपडेट द्यायचं असेल तरी आता अख्खी मांडणी बदलायची, की ॲप आहे तसं सोडून द्यायचं?

२०१४: एकाच सप्टेंबरमधले दोन पडदे

सप्टेंबर २०१४ मध्ये दोन घटना आठवड्याभराच्या अंतराने घडल्या. ॲपलने आयफोन ६ आणि ६ प्लस जाहीर केले. ६ प्लसमध्ये ॲप १२४२ × २२०८ पिक्सेलचं चित्र काढायचं आणि फोन ते आकसून १०८० × १९२० च्या पडद्यावर बसवायचा. म्हणजे डेव्हलपरने काढलेला पिक्सेल आणि काचेमागचा पिक्सेल यांचं एकास एक नातं इथे तुटलं.

दुसरी घटना भारतातली. १५ सप्टेंबरला गूगलने अँड्रॉइड वन हा उपक्रम भारतातून सुरू केला. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे फोन, किंमत ६,३९९ रुपयांपासून, पडदा ४.५ इंची, ४८० × ८५४.

हा पडदा २४० च्या कप्प्यातला. त्याची रुंदी डीपीत काढली तर ४८० भागिले १.५, म्हणजे ३२०. आदल्या वर्षीच्या महागड्या गॅलेक्सी नोट ३ ची रुंदी १०८० पिक्सेल, गुणक ३, म्हणजे ३६० डीपी. पिक्सेलमध्ये सव्वादोन पट फरक, डीपीत फक्त ४० चा. डीपी या एककाने केवढं काम केलं ते इथे दिसतं. पण ते ४० डीपी कोणाला जाणवतात? मराठीत ॲप वापरणाऱ्याला. इंग्रजीत "ओके" असतं तिथे आपण "नोंदणी पूर्ण करा" लिहितो. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून उंची पक्की केलेल्या बटणात हे कापलं जातं. त्यात घरातल्या आजोबांनी सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं केलेलं असतं. महागड्या फोनवर, इंग्रजीत तपासलेल्या ॲपमध्ये हा दोष दिसणारच नाही. त्याचा त्रास झाला तो स्वस्त फोन घेऊन आपल्या भाषेत वाचणाऱ्याला.

त्यानंतर: पडद्याऐवजी खिडकी

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबर २०१७ मध्ये विक्रीला आलेल्या आयफोन एक्सने आयताकृती पडद्याचं गृहीतक मोडलं. वर खाच, कोपरे गोल, म्हणून "सुरक्षित क्षेत्र" ही कल्पना. त्याआधीच आयपॅडवर २०१५ मध्ये आणि अँड्रॉइड ७ मध्ये २०१६ ला एका पडद्यावर दोन ॲप्स शेजारी ठेवायची सोय आली होती. २०१९ च्या गॅलेक्सी फोल्डमध्ये तर ॲप ४.६ इंची पडद्यावर सुरू होऊन घडी उघडताच ७.३ इंचांवर जायचं, आणि ते चालू असतानाच. आता अँड्रॉइडचं मार्गदर्शन सांगतं की फोन कोणता हे विचारू नका, ॲपला मिळालेली खिडकी किती रुंद आहे ते विचारा: ६०० डीपीपेक्षा कमी, ६०० ते ८४०, की त्याहून जास्त.

वेबवाल्यांनी याच दिशेचा विचार आधी मांडला होता. ईथन मार्कॉट यांचा "रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन" हा लेख मे २०१० मधला, म्हणजे आयफोन ४ च्याही काही दिवस आधीचा. तुमच्यापैकी कोणाला तुलनात्मक काम करायचं असेल तर इथे चांगला विषय आहे: वेब आणि ॲप हे शेजारी असून एकमेकांकडून किती शिकले?

साधनांबद्दल दोन शब्द

या विषयावर एक आकडा तुम्हाला वारंवार भेटेल. ओपनसिग्नल या कंपनीने अँड्रॉइडची किती वेगवेगळी उपकरणं दिसली ते मोजलं: २०१२ मध्ये ३,९९७, २०१३ मध्ये ११,८६८, २०१५ मध्ये २४,०९३. आकडे खरे आहेत. पण वापरण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे कोणाचे फोन? ज्यांनी त्या कंपनीचं ॲप घेतलं त्यांचे. आणि मोजलं काय? उपकरणांचे प्रकार, पडद्यांचे नव्हे. शंभर वेगळे फोन एकाच ३६० डीपी रुंदीचे असू शकतात. म्हणून "२४ हजार फोन, म्हणजे डेव्हलपरला २४ हजार पट काम" हे वाक्य प्रबंधात लिहू नका.

दुसरं साधन म्हणजे कंपन्यांची अधिकृत मार्गदर्शक पानं. ती बदलत राहतात आणि जुना मजकूर पुसला जातो. २०१२ मध्ये डेव्हलपरला काय सांगितलं होतं ते आजच्या पानावर मिळणार नाही. त्यासाठी वेबॅक मशीनवर जतन झालेल्या प्रती बघा आणि संदर्भात प्रतीची तारीख लिहा.

तिसरं साधन फार कमी लोक वापरतात: ॲपच्या अपडेटसोबत येणारी "नवीन काय" ही टिपणं. एका ओळीची असतात, पण तारीख असते. कोणत्या ॲपने नवा पडदा कधी स्वीकारला याचा तो थेट पुरावा आहे.

तर हाती काय लागलं?

सुरुवातीचा प्रश्न आठवा. २००० च्या दशकात खर्च डेव्हलपर भरत होता. डीपी आणि पॉइंट आल्यावर सिस्टिमने त्यातला बराच उचलला, पण सगळा नाही. पूर्णांकी घनतावाढीत ती चांगली सांभाळून घेते, प्रमाण बदललं की काही महिने सांभाळून मुदत घालते. उरलेला भाग कधी फुगलेल्या फाइलींच्या रूपात, कधी कापलेल्या वेलांटीच्या रूपात वापरणाऱ्याकडे जातो. आणि डेव्हलपरमध्येही तो सारखा वाटला जात नाही. सिस्टिमचे तयार भाग वापरणारा सुटतो, स्वतः सगळं काढणारा सापडतो. "मोठ्या स्क्रीनमुळे डेव्हलपरचं काम वाढलं" या ढोबळ वाक्यापेक्षा हे विधान तपासता येण्याजोगं आहे, आणि कोणी पुरावा दिला तर खोडताही येण्याजोगं आहे. प्रबंधाला असंच विधान लागतं.

आता तुमचं काम. २०१२ च्या आधीपासून असलेली पाच ॲप्स निवडा. दोन गेम, दोन यादीवजा ॲप्स, एक मराठी मजकुराचं. सप्टेंबर २०१२ ते मे २०१३ मधली त्यांची अपडेट टिपणं शोधा आणि एका तक्त्यात लिहा: नव्या पडद्याचा उल्लेख पहिल्यांदा कधी आला, मुदतीच्या आधी की नंतर, की आलाच नाही. पाच ॲप्सवरून निष्कर्ष काढू नका, पण प्रश्न नक्की काढता येईल. ज्या ॲपच्या टिपणात तो उल्लेख कधीच सापडला नाही, त्याच्यापासून सुरुवात करा.